ओम्नी आणि बस : एका शब्दाचे दोन तुकडे

लॅटिन भाषेतील ‘ओम्निबुस’ या पदाचा अर्थ ‘सर्वांसाठी’ असा आहे. ‘ओम्निस’ म्हणजे सर्व; त्याच्या ‘ओम्नि’ या अंगाला ‘बुस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय लागून हे पद सिद्ध होते. संस्कृत शिकलेल्या वाचकांना हा प्रत्यय अगदीच परका वाटू नये, कारण ‘सर्वेभ्यः’ या रूपातील ‘भ्यः’ आणि लॅटिनमधील ‘बुस’ हे एकाच घराण्यातले आहेत असे भाषाशास्त्र सांगते. १८२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये नांत आणि पॅरिस येथे घोड्यांच्या सार्वजनिक गाड्या सुरू झाल्या, त्यांना ‘ओम्निबुस’ हे नाव मिळाले. १८२९ मध्ये तशीच गाडी लंडनच्या रस्त्यावर आली आणि इंग्रजांनी आपल्या सवयीप्रमाणे शब्दाचा पुढचा भाग झिजवून टाकून शेपटी तेवढी ठेवली. तीच आपली ‘बस’. म्हणजे स्थानकावर ताटकळत आपण जिची वाट पाहतो, ती व्याकरणाच्या दृष्टीने केवळ एक विभक्तिप्रत्यय आहे! प्रकृती मागेच कुठेतरी राहून गेली.

ती राहिलेली प्रकृती दीडेकशे वर्षांनी हरियाणातील गुडगाव येथे सापडली. १९८४ पासून ‘मारुती व्हॅन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका लहानशा, पेटीवजा गाडीचे नाव १९८८ साली ‘ओम्नी’ असे करण्यात आले. नाव ठेवणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु झाले ते असे, की एकाच शब्दाचे दोन तुकडे महाराष्ट्राच्या रस्त्यांवर शेजारी शेजारी धावू लागले. एक सर्वांचा, एक घरचा.

प्रस्तुत लेख या दुसऱ्या तुकड्याविषयी आहे. आमच्या घरी ही गाडी गेली पंचवीसहून अधिक वर्षे आहे, तेव्हा आमचे लेखन अगदी तटस्थ असणार नाही हे आरंभीच कबूल केलेले बरे. मात्र केवळ आठवणी सांगण्याचा आमचा हेतू नाही. आपल्याकडे मोटारीचा इतिहास बहुधा प्रतिष्ठेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी अँबॅसडर आणि फियाट, मग मध्यमवर्गाच्या दारातली मारुती ८००, मग उदारीकरण आणि परदेशी नावांची रीघ. या वंशावळीत व्हॅनला जागा मिळते ती तळटीपेत. आमच्या मते तिची वंशावळच वेगळी आहे. ती फियाटच्या मागून आलेली नाही. ती बैलगाडीच्या मागून आली आहे.

बैलगाडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेतीचे चित्र येते, पण जुन्या गावगाड्यात गाड्यांचेही वर्ग होते. मातब्बर घरी माणसांनी बसण्यासाठी म्हणून वेगळी दमणी असे. हलकी, छपराची, बैलही निवडक. बाकीच्यांची गाडी एकच. तीच शेणखत वाहणार, तीच बाजारात धान्य नेणार आणि जत्रेच्या दिवशी तीच धुऊन, कडबा पसरून, वर घोंगडे अंथरून बायकापोरांना देवाला नेणार. माल आणि माणूस यांच्यासाठी दोन निरनिराळी वाहने असावीत ही कल्पना एक तर श्रीमंतीची आहे किंवा कायद्याची. मोटार वाहन कायद्याने ती पाटीच्या रंगातच उतरवली : खाजगी गाडीला पांढरी पाटी, भाड्याच्या व मालाच्या गाडीला पिवळी. एस.टी.ने मात्र आपल्या परीने ही विभागणी फार मनावर घेतली नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी तिची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे आत माणसे व टपावर गाठोडी, टोपल्या, सायकली असाच तिचा संसार होता. मागल्या शिडीवरून हमाल वर चढत. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना टपावरून खाली येणाऱ्या ओझ्याकडे मान वर करून पाहणारे प्रवासी आठवतील.

आता ज्या गाडीविषयी आम्ही लिहीत आहोत तिचा जन्म जपानमधला, आणि तो पाहिल्यावाचून तिचा आकार कळणार नाही.

हामामात्सु हे जपानच्या शिझुओका प्रांतातील गाव. तेथे मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये मागांचा कारखाना काढला. इचलकरंजी किंवा मालेगावच्या वाचकास मागाचे गाव म्हणजे काय हे सांगावयास नको. माग बनवणाऱ्या या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर, वस्त्रोद्योगाची परिस्थिती बिघडल्यावर, सायकलीला जोडावयाची लहान इंजिने काढली, आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही छोटी मोटार. जपान सरकारने युद्धोत्तर काळात ‘केई’ म्हणजे ‘हलक्या’ गाड्यांचा एक वर्ग निर्माण केला होता. गाडी ठरावीक मापात बसली तर कर कमी, आणि पुढे शहरांत गाडी ठेवण्याच्या जागेचा दाखला सक्तीचा झाला तेव्हा या वर्गाला त्यातूनही सूट. मापे अशी : १९५५ पासून इंजिन ३६० सीसीपर्यंत, लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर. १९७६ मध्ये ती थोडी सैल झाली; इंजिन ५५० सीसी, लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी स्वयंपाकघराच्या ओट्याहून ही लांबी फार अधिक नाही.

आता या लांबीत किराणा दुकानदाराला, शेतकऱ्याला, सुताराला माल भरावयाचा आहे. इंजिनासाठी पुढे नाक काढले तर तेवढी माल ठेवण्याची जागा गेली. तेव्हा इंजिन उचलून पुढच्या आसनांखाली घातले, चालकाला पुढच्या चाकांवर बसवले आणि उरलेली सगळी लांबी मालाला दिली. १९६१ साली सुझुकीची पहिली ‘कॅरी’ आली, तिला अजून नाकाचा अवशेष होता. काही वर्षांत तोही गेला. १९६९ मध्ये जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन रचनाकाराने तिला एक देखणे, मागे-पुढे जवळजवळ सारखेच उतरते रूप दिले होते. ते लवकरच सोडून कंपनी पुन्हा उभ्या, चौकोनी पेटीकडे वळली. उतरत्या काचेत कोबीची टोपली बसत नाही. या गाडीच्या चेहऱ्याला नाक नाही याचे कारण अशा रीतीने सौंदर्यशास्त्रात नसून करशास्त्रात आहे, आणि ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे आम्हांस तिच्याकडे परत यावयाचे आहे.

जपानी कायद्याची आणखी एक गंमत आहे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीवर कर कमी, मात्र मालाच्या जागेचे क्षेत्रफळ बसण्याच्या जागेहून अधिक असले पाहिजे. परिणामी मागचे आसन पातळ, ताठ पाठीचे, मुडपून जमिनीत जाणारे झाले. आणि कर वाचवण्यासाठी जपानी कुटुंबे खुशाल मालगाडीत बसू लागली. १९७९ मध्ये सुझुकीने ४,७०,००० येनांना ‘आल्टो’ बाजारात आणली, तीही कागदोपत्री मालवाहूच होती; दिसावयास साधी घरगुती मोटार. या आल्टोच्याच पिढीतील भावंड म्हणजे आपली पहिली मारुती ८००. ज्या गाडीने भारतीय मध्यमवर्गाला ‘मोटारवाला’ केले तिच्या कुळात एक सरकारदरबारी मालगाडी निघावी, याचा आम्हांस थोडा आनंद होतो हे लपवीत नाही.

भारतातील कथा पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून ती थोडक्यात. संजय गांधी यांनी १९७१ मध्ये काढलेली मारुती मोटर्स ही कंपनी गाड्या बनवण्यापूर्वीच बुडाली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. जपानी भाग २६ टक्के. सुझुकीची सूत्रे तेव्हा ओसामु सुझुकी यांच्या हाती होती. ते मूळचे मात्सुदा. सुझुकी घराण्याचे जावई होऊन त्यांनी सासरचे आडनाव घेतले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढच्याच वर्षी व्हॅन आली. १९७९ च्या कॅरीची निर्यातीसाठी केलेली ही आवृत्ती; इंजिन तीन नळकांड्यांचे, ८०० सीसीच्या आतबाहेर, मागच्या चाकांना गती देणारे. दोन्ही बाजूंना रुळावर सरकणारी दारे होती. अरुंद गल्लीत, भिंतीला खेटून उभी केली तरी जिचे दार उघडते अशी गाडी आपल्याकडच्या पेठांनी तोवर पाहिली नव्हती.

गंमत अशी की याच सुमारास हीच गाडी कराचीतही तयार होऊ लागली. तिकडे तिचे नाव ‘बोलान’ पडले. लोक मात्र तिला ‘कॅरी डब्बा’ म्हणत. आपल्याकडे तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तिकडे २०२४ मध्ये. या साडेतीन दशकांत दोन्ही देशांचे संबंध कोठून कोठे गेले, पण सीमेच्या दोन्ही बाजूंना शाळेत जाणारी मुले, दवाखान्यात जाणारे रुग्ण आणि बाजारात जाणारा भाजीपाला एकाच साच्यातून निघालेल्या पत्र्याच्या पेटीत बसून जात होता.

येथे एक अवांतर. मराठीत वाहनांची नावे सामान्यनामे होतात त्याला काही नियम दिसतो. ‘टेंपो’ हे हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे नाव; त्याच्या सहकार्याने आपल्याकडे तीनचाकी मालगाड्या बनू लागल्या आणि मराठीत माल वाहणारी कोणतीही लहान गाडी टेंपो झाली. ‘सुमो’ हा शब्द ऐकताच जपानी मल्ल आठवतात, पण १९९४ मधील टाटांच्या त्या गाडीचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलेले, अस्सल मराठी आहे. ‘ओम्नी’ मात्र कधी पूर्ण सामान्यनाम झाली नाही. खेड्यात पुष्कळ दिवस ‘मारुती’ असेच म्हणत, आणि म्हणताना वेशीवरचा मारुती कोणालाही आठवत नसे. आमच्या वडिलांना मात्र आठवे. गाडी गळ्यापर्यंत भरली की ते म्हणत, “संजीवनी ओळखता आली नाही, म्हणून अख्खा डोंगर आणलाय.”

आमचा घरचा धंदा छपाईचा. साताऱ्यात, राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत छापखाना आणि मागे चूल. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्षाकाठी एक-दोन कवितासंग्रह, ज्यांचे पैसे कवी हप्त्याहप्त्याने देत. कागद पुण्याहून आणावा लागे. तो आधी ट्रान्स्पोर्टने येई, दोन दिवसांनी, कोपरे दुमडून. १९९९ मध्ये वडिलांनी एका दूधवाल्याकडून १९९४ सालची ओम्नी ८५,००० रुपयांना घेतली. पहिले वर्षभर गाडीला दुधाचा आंबूस वास येत असे. पुढे तो जाऊन शाईचा आणि रॉकेलचा वास लागला.

मागचे बाकडे चार बोल्ट काढले की सुटे होई. सोमवारी ते काढून ओट्यावर ठेवावयाचे आणि शनिवारी रात्री पुन्हा बसवावयाचे असा परिपाठ पडला. आठवड्याचे सहा दिवस ते आमच्या घरचे सोफासेट होते. पाहुणे त्यावर बसत, आजी त्यावर बसून वाती वळी. सोळा किलो वजनाची वीस रिमे म्हणजे ३२० किलो. पाच धडधाकट माणसांइतका भार. पुण्याकडून येताना खंबाटकीचा घाट चढावा लागे. २००० साली तेथे बोगदा झाला, पण तो साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी, येणाऱ्याला घाटच. म्हणजे रिकामी गाडी बोगद्यातून जाई आणि भरलेली घाट चढे, हा आमच्या छापखान्याचा भूगोल होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत वर जाई आणि आसनाखालच्या इंजिनाची धग मांड्यांना लागे. उन्हाळ्यात वडील आसनावर भिजवलेले पोते घालीत. घाटमाथ्यावर गाडी थांबवून आसन उचलावयाचे, खालच्या इंजिनाला हवा लागू द्यावयाची, चहा घ्यावयाचा. जेथे आपण बसतो त्याच्याच खाली यंत्र आहे, हे या गाडीने कधी विसरू दिले नाही.

रविवारी तीच गाडी जेजुरीला जाई, पंढरपूरला जाई, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या मामांकडे जाई. पाच जणांच्या गाडीत नऊ जण बसत असू आणि मागे आंब्याच्या पेट्या. मागचा दरवाजा वर उचलला की त्याचे छप्पर होई. त्याखाली झुणका-भाकरीच्या किती पंगती बसल्या याची गणती नाही. २००३ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन झाले तेव्हा आम्ही छापलेले तेरा कवितासंग्रह, दोन कवी आणि एका कवीच्या सासूबाई अशा एकाच खेपेत गेल्या. वाटेत नाक्यावर पोलिसाने हात केला. आत डोकावून तो वडिलांना म्हणाला, “काका, माणसं आहेत का माल?” वडील म्हणाले, “कवी आहेत साहेब. तुम्हीच ठरवा.” गाडी सुटली. पण प्रश्न योग्य होता. पांढऱ्या पाटीच्या गाडीत गठ्ठे होते आणि गठ्ठ्यांवर माणसे बसली होती.

मराठी साहित्यात या गाडीला स्थान का नाही, याचा आम्ही अनेकदा विचार केला आहे. एस.टी.ने मराठी लेखनाला एक रंगमंचच दिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये कोकणच्या रस्त्यावर एस.टी. खोळंबते आणि आतले सगळे नमुने एकेक करून बोलू लागतात. अनोळखी माणसांना एकत्र कोंडल्यावाचून हे शक्य नव्हते. व्हॅनमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. तेथे बोलणे होते ते आधीच्या भांडणाचे पुढचे पान असते. शिवाय तिच्या मालकाला आपण लेखनाचा विषय आहोत असे वाटतच नाही. हिंदी चित्रपटाने तिला काम दिले, पण तेही अपहरणकर्त्यांच्या गाडीचे : सरकते दार उघडते, हात बाहेर येतो, दार लागते. दूधवाले, मंडपवाले, केटरर, छापखानेवाले, ज्यांचे घर आणि दुकान एकाच उंबऱ्यावर आहे, अशांची ही गाडी. त्यांच्या हिशेबाच्या वहीत ती सापडेल. कादंबरीत आम्हांस ती फारशी आढळली नाही.

येथवरचे लेखन वाचून कोणी समजेल की आम्ही या गाडीचे गुणगान करीत आहोत. तसे नाही.

२००६ च्या हिवाळ्यात, गळिताच्या हंगामात, रहिमतपूरहून रात्री परत येताना पुढे उसाची ट्रॉली होती. तिला मागे ना दिवा होता, ना चमकणारी पट्टी. वडिलांना ती दिसली तेव्हा अंतर उरले नव्हते. वेग फार नव्हता. वडिलांनी उजवीकडे वळवले, त्यामुळे डावी बाजू आदळली. डावीकडे आमचे धाकटे काका बसले होते. वास्तविक ज्याला आपण धडक म्हणतो ती दोन पत्र्यांमध्ये होते. पण या गाडीत पुढचा पत्रा आणि काकांचा गुडघा यांमध्ये दुसरे काहीच नव्हते. ना नाक, ना इंजिन, ना चाक. गाडी गॅरेजवर ओढून नेली तेव्हा मेकॅनिकने आसन उचलून पाहिले आणि समाधानाने सांगितले की इंजिनाला ओरखडाही आलेला नाही.

ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. इंजिन सुरक्षित होते कारण माणूस त्याच्या पुढे बसला होता. जपानमधील कराच्या मापात माल अधिक बसावा म्हणून जे नाक छाटले गेले, त्याची किंमत कोणीतरी केव्हातरी मोजणारच होते; ती काकांनी मोजली. काका तरुणपणी पायाने चालणारे ट्रेडल मशीन चालवीत. एका पायाच्या ठेक्यावर तासाला किती पत्रिका निघतात हे ते अभिमानाने सांगत. तो डावाच पाय होता. तीन शस्त्रक्रिया झाल्या. गुडघा वाकत नाही.

आमच्या घरचा हा प्रसंग एकटा नाही. चालकाचे पाय पुढच्या पत्र्याला टेकलेले असण्याची रचना काही आमच्याच गाडीची नव्हती, आणि त्यात मधल्या काळात भर पडली ती घरगुती गॅसच्या सिलिंडरांची. २००० च्या सुधारणेने एलपीजीला वाहनाचे इंधन म्हणून मान्यता मिळेपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस, स्वयंपाकाचे सिलिंडर बाकड्याखाली चोरून जोडलेल्या व्हॅन गावोगावी होत्या; त्यांतल्या काहींत शाळेची मुले बसत. आम्हांलाही एकाने तसे सुचवले होते. पेट्रोलचा खर्च निम्म्याने कमी होईल असे त्याचे गणित होते आणि गणित बरोबर होते. आईने नाही म्हटले. शाई, रॉकेल आणि कागद ज्या गाडीत आहेत त्या गाडीत गॅस नको, एवढेच तिचे म्हणणे. स्वस्त वाहनाच्या इतिहासात अशी गणिते सर्वत्र दिसतात. स्वस्ताई खरी असते. फक्त तिचा उरलेला भाग निराळ्या वहीत, निराळ्या नावावर मांडला जातो.

ऑक्टोबर २०१७ पासून नव्याने येणाऱ्या आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्वच मोटारींना समोरून होणाऱ्या धडकेची चाचणी आपल्याकडे सक्तीची झाली. नाक नसलेल्या गाडीने ती उत्तीर्ण होणे शक्य नव्हते. २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली. तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळीचे लेख आले, एका युगाचा अंत वगैरे. काकांनी तसा एक लेख वाचला, त्यातल्या दोन मुद्रणचुकांवर सवयीने खुणा केल्या आणि पेपर घडी घालून ठेवला. २०१० मध्ये आलेली ‘ईको’ तिची वारस म्हणतात. तिला थोडेसे नाक आहे. तरीही २०१६ मधील ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला एकही तारा मिळाला नव्हता. तेव्हा पेटीचा प्रश्न ओम्नीबरोबर संपला असे समजण्याचे कारण नाही.

मग ही गाडी तुम्ही अजून का ठेवली आहे, असे वाचक विचारतील. प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर अपघातानंतर वर्षभर तिच्यात कोणी बसत नव्हते. पत्राकाम करून, रंग देऊन ती अंगणात उभी होती. पण पुण्याहून कागद यावयाचा राहीना. ट्रान्स्पोर्टचे दर वाढले होते, नवी गाडी घेण्याची ऐपत शस्त्रक्रियांनी संपवली होती. प्रथम ती फक्त मालासाठी काढली. मग एका पावसाळ्यात आजीला दवाखान्यात न्यावे लागले. पलंगासकट आडवी मावेल अशी दुसरी गाडी गल्लीत कोणाकडे नव्हती. बाकडे ओट्यावरच राहिले आणि आजी गादीवर निजून गेली. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. एक नियम तेवढा झाला, की पुढे चालकाशेजारी कोणी बसावयाचे नाही. त्या आसनावर आता कागदाची रिमे ठेवतात.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची २००९ मध्ये झाली, २०१४ मध्ये झाली, २०१९ मध्ये झाली. तोवर शुल्क ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, शिवाय पर्यावरण कर. सरकारचा हेतू उघड आहे आणि तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०२४ मध्ये चौथ्यांदा जाण्यापूर्वी घरात दोन दिवस चर्चा झाली. भंगारवाल्याने येऊन पाहिले, दाराच्या रुळात बोट घालून गंज दाखवला, भाव सांगितला. वडील आता गाडी चालवीत नाहीत. त्यांचे मत ‘देऊन टाका’ असे पडले. काकांनी ठेवा म्हटले. कारण विचारता ते म्हणाले, “माझा गुडघा परत येणार आहे का? मग कागद तरी येऊ दे.”

तपासणीच्या आदल्या रात्री आम्ही बाकडे ओट्यावरून उतरवले, पुसले आणि चारही बोल्ट लावून आत बसवले, कारण नोंदणीच्या कागदावर ती माणसांची गाडी आहे आणि माणसांच्या गाडीत बसावयास जागा दिसली पाहिजे. काका सोबत आले. मागे, मधोमध, पाय लांब करून. निरीक्षकाने दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, चासीचा क्रमांक पेन्सिलीने कागदावर उतरवून घेतला आणि सरकते दार दोनदा ओढून पाहिले. तिसऱ्या खेपेस ते अडकले. काकांनी आतून काठीच्या टोकाने ते ढकलून दिले.

नोंदणी २०२९ पर्यंत झाली आहे. बाकडे दुसऱ्याच दिवशी पुन्हा ओट्यावर आले. काका त्यावर बसून मुद्रिते तपासतात. या शुक्रवारी कागद आणावयाचा आहे, तेव्हा रविवारपर्यंत ते गाडीत बसवण्याची घाई करू नये, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे.